साबुदाण्याचा ढग

माझ्या प्रबंधात साबुदाण्याचा उल्लेख कुठेही नाही. खरं तर तो असायला हवा होता.

त्या उन्हाळ्यात ॲरिझोनात माझं एमएस संपत आलं होतं आणि आई नाशिकहून चँडलरला माझ्याकडे राहायला आली होती. माझा विषय : सौर पॅनलवरची धूळ. लॅबच्या मागच्या कुंपणात एक आडवं पॅनल मी महिनोन्‌महिने मुद्दाम पुसलं नव्हतं. धुळीने वीज किती घटते, हे मोजायचं होतं. जूनअखेरपर्यंत धूळ टिकली की पदवी. म्हणजे काम एकच, काहीही न करणं. त्यात मी तरबेज होतो.

आईला मात्र तिथलं ऊन बघवेना.

"एवढं ऊन नुसतं वाया चाललंय. बाल्कनीत पापड्या घालू का?"

"नाही चालत. बिल्डिंगचा मॅनेजर नोटीस चिकटवतो."

"उन्हाला पण नोटीस?"

एका सकाळी ती लॅब बघायला निघाली. हातात जड पिशवी. आत डबा असेल, असं मी समजलो. (डबाच होता. डब्यात काय, हे मी विचारलं नाही.) तिला कुंपणातल्या शेडखाली खुर्ची दिली, पॅनलकडे हात करून "हे सगळं माझंच आहे" असं ऐटीत सांगितलं आणि गाईडबरोबरच्या मीटिंगला आत गेलो.

गाईड स्क्रीनवरचा ग्राफ बघत होते.

"तुझ्या मळक्या पॅनलची वीज एकदम वाढली. का?"

"वारा," मी म्हणालो. "थोडी धूळ उडाली असणार."

"आता जवळजवळ शून्यावर आली."

"ढग."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. आकाश कोरं होतं.

"शेजारच्या पॅनलवर नाही आला?"

"छोटा आहे," मी म्हणालो. "पण दाट."

"चल, बघू तुझा ढग."

पॅनलवर प्लास्टिक अंथरलेलं होतं आणि त्यावर साबुदाण्याच्या पापड्यांच्या सरळ रांगा. प्लास्टिकबाहेरची काच आरशासारखी लखलखत होती.

"आलास?" आई म्हणाली. "किती रे घाण ती! पाणी काळंकुट्ट झालं. इथे पुसायला कुणी येत नाही का?"

गाईडनी माझ्याकडे पाहिलं. मी पापड्यांकडे पाहिलं. आईने अर्धवट वाळलेली एक पापडी उचलून त्यांच्या हातावर ठेवली.

"सर, ओलीच खाऊन बघा. हिची मजा आत्ताच."

मी भाषांतर केलं. त्यांनी खाल्ली. मग न विचारता दुसरी घेतली.

"धूळ पुन्हा साठेपर्यंत थांबावं लागेल," ते मला म्हणाले. "पदवी डिसेंबरला."

"काय म्हणाले?" आईने विचारलं. मी सांगितलं. तिचा चेहरा पडला.

"अरे देवा. पण तू तर म्हणालास, सगळं तुझंच आहे."

गाईडनी तिसरी पापडी उचलली.

"ढग छान आहे," ते म्हणाले. "मीठ जरा कमी."

डिसेंबरमध्ये माझा डिफेन्स झाला, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा. समितीसमोर गाईडनी पहिलाच प्रश्न विचारला, "ढग आणलास?"

आणला होता, तळून. त्या दिवशी मला ठामपणे देता आलेलं ते एकमेव उत्तर.