पाय उगवणारी पावडर

मंडळी, आज सकाळी करी रोडच्या आमच्या घरातून मी एका माणसाला बाहेर काढलं.

माझ्या दादाचा पाय शिवडीच्या गोदामातल्या अपघातात गुडघ्याखालून गेला. हा माणूस पावडर विकणारा एजंट, आईला सांगत होता, "तो पालीसारखा दिसणारा सॅलॅमँडर, त्याचा तुटलेला पाय परत उगवतो ना? त्याच्याच जीन्सची ही पावडर आहे."

मी लॅबमध्ये सॅलॅमँडरवरच काम करते. त्याला म्हटलं, "सॅलॅमँडरच्या जखमेवर पेशींचा कोंब येतो आणि पहिल्यांदा पाय घडवणारे जीन्स पुन्हा जागे होतात. तसे जीन्स आपल्यातही आहेत, पण आपली जखम नुसता व्रण होऊन मिटते. ते बदलणारी पावडर अजून कुणाकडेच नाही."

"मॅडम, आईंची आशा कशाला मोडता?"

"आशा आमची आहे. ती आम्हालाच विकणारे तुम्ही कोण? निघा."

तो गेल्यावर आई रडली. दादा माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं. त्याने कृत्रिम पाय चढवला आणि म्हणाला, "तू शोधत राहा गं. मी वाट बघत बसणार नाही. सोमवारपासून कामावर जातोय."

मग जिने उतरून तो एकटाच नाक्यावर गेला.

तुमच्या दारात असा कोणी आला, तर तुम्ही गप्प बसाल?