चावीवाल्याची मेहरबानी

फुकट्यांचे किस्से सांगायला बसलो की संपत नाहीत. एक सांगता सांगता दुसरा आठवतो आणि चहा थंड होईपर्यंत माझं डोकं तापतं! साठ सालाच्या आसपास अकोल्यातल्या आमच्या कॅरम मंडळाचा मी सेक्रेटरी होतो. वर्गणीतून घेतलेला बोर्ड कपाटात, कुलपात असायचा. वर्गणी द्या आणि खेळा, एवढाच नियम.

*

वसंतराव मास्तर वर्गणी म्हटली की कानावर हात ठेवायचे. एकदा मी पोचण्याआधीच गडी कॅरम खेळत बसलेला!

"कपाट कोणी उघडलं?"

"मीच. स्टँडवरच्या चावीवाल्यानं चावी करून देली. फुकट!"

"फुकट? कशासाठी?"

"भला मानूस हाय जी. तुमी काहून जळून राहिले?"

*

मग काय, सगळ्यांनाच चावी हवी! चावीवाल्याची एकच अट होती. नमुन्याला आपापल्या घरची चावी एक दिवस द्यायची. वसंतरावांनी तर आधीच दिली होती, आता बाकीच्यांनीही दिल्या!

"अरे, कपाट उघडायला घरची चावी कशाला लागते?" मी ओरडलो.

"तुमाले कुलपातलं काय समजते?" मंडळातले दादाराव म्हणाले.

चावीवाला म्हणाला, चावी घरपोच आणून देतो, पत्ता सांगा. दादारावांनी पत्ता तर दिलाच, वर बजावलं, "सोमवारी नोका येऊ बरं. आमी सगळे नांदगाव खंडेश्वरले जाऊन राहिलो."

सोमवारी तो आलाच. घरात फक्त चूल राहिली.

*

त्याच आठवड्यात वसंतरावांच्या घरून शिलाई मशीन गेली. त्यांच्या बायको, सिंधूवहिनी, कपडे शिवायच्या, त्यावर अर्धं घर चालायचं. गिऱ्हाइकांचे लग्नाचे ब्लाउजही गेले. बिचारी दारोदार माफी मागत फिरली. मला अजून संताप येतो!

हवालदारानं कुलूप पाहिलं. "ओरखडाबी नाही, मास्तर."

वसंतरावांनी मान ताठ केली. "कंपनीचं कुलूप हाय, साहेब!"

हातातला स्ट्रायकर त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला.

*

दुसऱ्या दिवशी वहिनी मंडळात आल्या. डाव रंगात आला होता. त्यांनी सोंगट्यांसकट बोर्ड उचलला.

"माही मशीन आली का मंग घेऊन जा!"

बोर्ड गेला तो गेलाच.

*

चावीवाला तर मशीन गेली त्याच दिवशी स्टँडवरून पसार झाला होता. तो अकोटला बसतो, अशी बातमी आली. मी तडक स्टँडवर गेलो, तर वसंतराव अकोटच्या गाडीत चढत होते. पहिल्यांदाच मला त्या माणसाचं कौतुक वाटलं!

"शाब्बास मास्तर! पोलिसांना सोबत घ्या. मशीन घेतल्याशिवाय परत येऊ नका."

"मशीन? थे कायची भेटते आता!" वसंतराव खिडकीतून म्हणाले. "बायकोनं बोर्ड कोठीत कोंडला न जी, कुलूप लावून. पायतो, त्याची चावी करून देते का!"