दुधाच्या घरातला कोरा चहा

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नगरमध्ये एका बचत गटाच्या बायकांपुढं कॅल्शियमवर बोलत होते. एका हातात तिळाची वाटी, दुसऱ्या हातात शेवग्याच्या पाल्याची जुडी. शाळेत गृहशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाईला दुसरं काय सुचणार? चाळिशीनंतर बायकांची हाडं कशी ठिसूळ होत जातात, नाचणी, तीळ, दूध-दही रोजच्या ताटात कसं आणायचं, हे मी गावोगाव सांगत फिरते. पुतण्या किरण फोनवर एवढंच म्हणाला, "आत्या, आई गेली..." मी वाटी खाली ठेवली. जिनं मला वाढवलं ती बाई खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली होती, आणि तिच्या उशाशी बसायचं सोडून मी परक्या बायकांना हाडांबद्दल सांगत होते. दीड महिना झाला, पण त्यानंतर माझ्या हातून एकही व्याख्यान झालेलं नाही.

यमुनावहिनी पारनेर तालुक्यातल्या आमच्या घरी लग्न होऊन आली तेव्हा मी आठ वर्षांची होते. मी नणंद, म्हणजे मानाची, म्हणून ती मला 'अहो ताई' म्हणायची आणि त्याच अहो ताईंचं नाकही पुसायची. घर गाईंचं. आधी डेअरीचं माप, उरेल त्यातून पाहुण्यांचा चहा, मग पुरुष, मग पोरं. घरातल्या बायकांचा चहा कोरा. असा कुणी नियम केलेला नव्हता, पण मोडलाही नव्हता. मी शाळेला निघाले की वहिनी पेलाभर दूध हातात द्यायची आणि संपेपर्यंत हलायची नाही. "पिऊन घ्या ताई, हाडं वाढायचीत तुमची." हाडांचं शास्त्र मी पुढं कॉलेजात शिकले खरी, पण पहिला धडा हा.

आता जे लिहितेय ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. वहिनीला येऊन वर्षही झालं नसेल. एका दुपारी मी स्वयंपाकघरात डोकावले, तर ती दाराआड उकिडवी बसून दुधाचं रिकामं पातेलं शिंपल्यानं खरवडत होती आणि खरवड तोंडात टाकत होती. डोळे मिटलेले, चेहरा लहान पोरीसारखा. तेवढ्यात ओसरीवरून आईनं विचारलं, "काय चाललंय गं आत?" आणि मी मोठ्यानं सांगितलं, "वहिनी साय खातीय!" ओसरीवर दादा होता, शेजारची माणसं होती. आई म्हणाली, "माहेरी दूध बघितलं न्हाई वाटतं कधी." सगळे हसले. वहिनीनं शिंपला धुतला, कोनाड्यात ठेवला आणि त्या दिवसापासून कुणी विचारलं की सांगू लागली, "मला दुधाचा वास न्हाई सोसत."

ते आम्ही सगळ्यांनी मान्य केलं. मीही. आईला जाऊन वीस वर्षं झाली, घराची मालकीण वहिनी झाली, तरी तिचा चहा कोराच राहिला आणि माझ्या कपात मात्र साय तरंगायची. बांधावरच्या शेवग्याच्या शेंगा माझ्या पिशवीत यायच्या, पाला शेळ्यांना जायचा. संक्रांतीला ती तिळाचे लाडू डबा भरून नगरला पाठवायची. तिनं त्यातला एखादा खाल्ला का, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. गावी गेलं की मी पहिल्या पंगतीला बसायची आणि ती वाढायची. ती जेवायला बसायची तेव्हा मी पडलेली असायची.

एकदा मी गेले होते तेव्हा जर्शी गाय व्याली आणि उठेचना. दादानं धावाधाव करून डॉक्टर आणला. कॅल्शियम कमी पडलंय म्हणून त्यानं शिरेतून बाटली लावली, आणि तासाभरात गाय उभी राहिली. वहिनी कमरेला हात लावून बघत होती. म्हणाली, "डाक्टर, मलाबी लावा की एक बाटली. माझंबी कंबरडं बसलंय." आम्ही सगळे हसलो. सगळ्यात मोठ्यानं मी. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण मी हा किस्सा व्याख्यानांत सांगायला लागले! बायका खळखळून हसायच्या, सभा रंगात यायची, आणि मी पुढच्या तक्त्याकडे वळायची. स्वतःच्या वहिनीचं दुखणं मी असं गावोगाव वापरलं. लाज वाटते, दुसरा शब्द नाही.

मग एका सकाळी गोठ्यात शेणाची पाटी उचलायला ती वाकली आणि तिथंच बसली. घसरलीसुद्धा नव्हती. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यांच्या जेवणात दूध, दही काय असायचं?" दादा म्हणाला, "घरात धा गाया हायेत, म्याडम." "गाई किती ते नाही विचारलं मी," असं म्हणून त्या माझ्याकडे वळल्या. शिकलेली दिसले असेन.

ऑपरेशन करून तिला घरी आणलं, पण ती उठली नाही, छातीत कफ भरत गेला. शेवटच्या भेटीत मी तिला चमच्यानं दूध पाजत होते. धीर करून विचारलं, "वहिनी, दूध खरंच आवडत नव्हतं का गं?" तिनं घोट गिळला, माझ्याकडे बघितलं. "आता इचारताय व्हय, ताई..." बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

परवा गावी गेले. दूध डेअरीला गेलं होतं, दादा ओसरीवर बसला होता. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं, तर किरणची बायको अश्विनी पातेलं मांडीशी धरून खरवडत होती. हातात वहिनीचाच शिंपला, एका बाजूनं पार झिजलेला. मला बघून ती दचकली, पातेलं मागं सरकवायला लागली. "काय न्हाई आत्या, घासायलाच घेतलं हुतं."

"बस," मी म्हटलं. "नीट बसून खा."

ओसरीवरून दादानं विचारलं, "काय चाललंय गं आत?"

मी दारात गेले आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अश्विनी साय खातीय. आणि उद्यापासून पहिलं माप घरात राहील."

दादानं मान खाली घातली. आत शिंपला पातेल्यावर पुन्हा वाजायला लागला.