खंडेनवमीला पडलेला रोधक

सज्जनहो, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलांच्या मागांच्या खडखडाटात, एक शांत खोली होती. तिथे कॅलिब्रेशन चाले. कारखान्यांचे मीटर खरे बोलतात की खोटे, हे पाहून दाखला दिला जाई. दाखल्यावर सही असे शिवलिंगप्पा हत्तुरे यांची. अठ्ठावीस वर्षे त्यांनी एका रोधकाची, विजेला नेमका मोजून अडथळा करणाऱ्या उपकरणाची, सेवा केली. आत तारेचे वेटोळे असलेला तो डबा तेलात, एकाच उबेत निजलेला असे आणि साऱ्या मीटरांची परीक्षा त्याच्यासमोर होई. कपाळी विभूती, ओठी शिवनाम, आणि हात असा हळुवार की पाळण्यातले लेकरूही जागे होऊ नये!

खंडेनवमीला अप्पांनी भक्तिभराने त्याला बाहेर काढले, पुसले, पाटावर मांडले, झेंडू वाहिला. परत ठेवताना तेलकट डबा बोटांतून निसटला आणि फरशीवर आदळला. ओरखडाही दिसेना. अप्पांनी हात जोडले: ज्याच्या पूजेत पडला, तोच सांभाळील. भाव खरा होता हो! पण हा भार देवाचा नव्हता. रोधक त्याच दिवशी तपासायला पाठवणे, हे काम अप्पांचे होते. ते राहिले.

जूनमध्ये रोधक नेमाप्रमाणे मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत गेला. पूर्वी तिथेही तारेशी तार ताडून पाहत; चूक कोणाच्या तारेची, यावर वाद घालता येई. यंदा तिथे ग्राफीन होते. पेन्सिलीच्या शिशात असतो त्याच कार्बनचा, एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा. तो अतिशीत करून प्रबळ चुंबकात ठेवला की त्याचा रोध बारा हजार नऊशे सहा ओहम आणि वर काही अंश, इथे स्थिरावतो. कोणी घडवला, कुठे घडवला, तिळभर फरक नाही. सृष्टीच्या घडणीतच लिहिलेला आकडा! त्यापुढे अप्पांचा रोधक दशलक्षात चाळीस भागांनी सरकलेला निघाला; परीक्षा घेणाऱ्याला एवढी चूकही फार. सोबत छापील प्रश्न आला: ‘वर्षभरात उपकरणास धक्का बसला काय?’

“‘न्हाई’ लिवा की, आप्पा,” मालक जोतीराम म्हणाले. “म्हातारं झालं, सरकलं. तुमी न्हाई का सरकला?”

“मी पाडलाय, मालक.”

“कुनी बघितलं?”

“मी बघितलं की.”

“लई शाणे! ‘होय’ लिवलं की तवापासनंचे समदे दाखले माघारी बोलवावे लागत्यात. मान्यता जातीय. मग बसा देवळात घंटा वाजवत!”

तीन दिवस तो कागद अप्पांच्या पूजेच्या ताटाशेजारी पडून होता. जप जमेना. चौथ्या दिवशी त्यांनी ‘होय’ लिहिले आणि खाली खंडेनवमीची तारीख घातली.

दाखले परत आले. मान्यता स्थगित झाली. गिऱ्हाइके दुसऱ्या शहरात गेली आणि दिवाळीपूर्वीच खोलीला टाळे लागले. माढ्याची अपेक्षा नावाची मुलगी त्याच खोलीत अप्पांच्या हाताखाली सहा वर्षे शिकली होती. तिच्या कमाईवर घर चाले. तिने आपला डबा, चष्मा, वही पिशवीत भरली.

“आप्पा, मी पन हेच लिवलं असतं,” ती म्हणाली. “असं म्हनावं वाटतंय. पन म्हनवत न्हाई.”

अप्पांच्या ज्या ओठांनी आयुष्यभर शिवनाम घेतले, त्यांना एका लेकीचे सांत्वन करता आले नाही. तिची बस निघून गेली, तरी ते फाटकापाशी उभेच होते.