माझी पिशवी कुठल्या खुंटीला होती

त्या गुरुवारी कोण कोण होतं ते आधी सांगून टाकते, म्हणजे मागनं कुणी म्हणायला नको की म्हातारीनं मनचं सांगितलं. मंडळ चालवणारे आमचे काका होते, त्यांच्याच अंबत्तूरच्या घराच्या माडीवर आमच्या महाराजांचं मंडळ भरतं. आरती सांगणाऱ्या सुमनताई होत्या. बँकेतनं रिटायर झालेले कुलकर्णी होते, बारा महिने छत्री घेऊन फिरणारे. माझी सून मंगल आणि नात कावेरी माझ्याबरोबर होत्या. बाकी माणसं होती, जिनाभर चपला होत्या, पण त्यांची नावं सांगत बसत नाही. आणि खाली जिन्याच्या तोंडाशी फुलं विकणारी सेल्वी होती. ती मंडळातली नाही, पण तिला सोडून ही गोष्ट सांगता येत नाही. माझा मुलगा दिलीप नव्हता, त्याची कारखान्यात पाळी होती. मी बोलतेय आणि मंगल लिहून घेतेय. मला सहीपुरतं येतं.

काकांनी सांगितलं, वहिनी, मंडळाच्या पुस्तिकेत तुमचा अनुभव द्या. मी म्हणलं, अनुभव आहे, पण त्यातलं मला कळलेलं काही नाही. ते म्हणाले, तसाच द्या.

आमच्या मंडळाचा नेम कडक आहे. कांदा-लसूण नाही, बाहेरचं खाणं नाही, सिनेमा नाही. हे सगळं सोपं. अवघड आहे ते अयाचित. म्हणजे कुणाकडं काही मागायचं नाही. माणसाकडं नाही, देवाकडं पण नाही. नवस नाही. न मागता जे येईल ते महाराजांचा प्रसाद, आणि ते नको म्हणायचं नाही. ज्यानं मागितलं त्यानं आरतीला आत बसायचं नाही, दाराबाहेर चपलांजवळ बसायचं. बाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल. पण मी हा नेम का घेतला ते सांगते. आमचे हे अचानक गेले तेव्हा मला इथली तमिळ भाषा धड येत नव्हती आणि दिलीप शाळेत होता. तेव्हा मंडळातल्या कुणी माझं दार वाजवलं नाही, काय पाहिजे म्हणून कुणी विचारलं नाही. नुसता रोज उंबऱ्यावर डबा असायचा. वरण, भात, कधी भाजी. कोण ठेवून जातंय ते आजपर्यंत मला माहीत नाही. मी त्या डब्यावर मुलगा वाढवला. मग नेम घेतला, आणि तो मोडायचा विचार कधी आला नाही. मागायचंच नाही म्हणल्यावर माणसाचा अर्धा त्रास कमी होतो, हे खरं आहे.

नंतर कावेरीला कॉलेजात जागा मिळाली. पोरगी हुशार, मार्क चांगले. इंजिनिअरिंगची जागा, तिला पाहिजे होती तीच. आणि तिथली फी ऐकून दिलीप जेवता जेवता उठला आणि हात धुवायला गेला तो बराच वेळ आलाच नाही. मंगल म्हणाली, बँकेचं कर्ज मिळतं शिक्षणाला. दिलीप माझ्याकडं बघायला लागला. तो माझ्या शब्दाबाहेर नाही, हीच तर अडचण. मी काकांना जाऊन सांगितलं. मागितलं नाही, फक्त सांगितलं. काका म्हणाले, "वहिनी, अर्ज म्हणजे मागणंच की हो. कागदावर केलं म्हणून ते दुसरं काही होत नाही." रागानं नाही म्हणाले. त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. स्वतःच्या मुलाच्या वेळी पण त्यांनी कर्जाचा अर्ज करू दिला नव्हता, तो मुलगा आज एका दुकानात बसतो.

घरात कावेरी माझ्याशी बोलेना. बोलली ती एकदाच. "आजी, कॉलेजवाले फी घेतात का बघ ना अयाचितमध्ये. मी न मागता शिकते, त्यांनी न मागता डिग्री द्यावी." मंगल तिला म्हणाली, "कावेरी, तोंड सांभाळ." पण हळू म्हणाली. मला कळलं की सून पण पोरीच्याच बाजूची आहे, आणि मी कुणाच्या बाजूची आहे ते मलाच कळेना. देवापुढं हात जोडले की काय म्हणायचं ते सुचेना. मागायचं तर नाही. मग नुसतं बसायचे. नुसतं बसणं म्हणजे पण मागणंच असेल का, असं वाटून उठायचे.

त्या गुरुवारी दुपारी आम्ही तिघी कॉलेजात गेलो होतो. खिडकीतल्या माणसानं सांगितलं, सोमवारी पहिला हप्ता आला नाही तर जागा दुसऱ्याला जाईल. तिथनं बस बदलून बदलून मंडळात पोचलो तोवर आरती सुरू झाली होती. उन्हानं माझं डोकं गरगरत होतं. जिन्याशी सेल्वीनं माझा हात धरला. "पाटी, एन्नाच्चु?" काय झालं आजी, म्हणाली. मी म्हणलं, "ओण्णुमिल्ले." काही नाही. बाहेरच्या माणसाला दुःख सांगितलं की मागितल्यासारखंच होतं, असं आमच्यात धरतात. ती म्हणाली, "मग चेहरा असा का, आमटी करपल्यासारखा?" मी हात सोडवून वर गेले.

आता खुंट्यांचं नीट सांगते. दाराच्या आत दोन खुंट्या आहेत. एका खुंटीला मंडळाची झोळी असते. आरती झाली की प्रत्येकानं डोळे मिटून त्यात आपलं काय ते घालायचं आणि खाली उतरायचं. कुणी किती घातलं ते दुसऱ्याला कळू नये म्हणून डोळे मिटायचे, स्वतःला पण लक्षात राहू नये म्हणून मिटायचे. दुसऱ्या खुंटीला ज्याच्या त्याच्या पिशव्या, छत्र्या. झोळी भगव्या कापडाची. दरवर्षी मंगलच शिवते. आणि उरलेल्या कापडाची मला एक पिशवी शिवून देते. तसाच रंग, तसेच बंद. कापड वाया जाऊ नये म्हणून. इतक्या वर्षांत कधी घोटाळा झाला नाही.

तो गुरुवार उत्सवाच्या आधीचा होता. त्या दिवशी लोक वर्षाचं अन्नदान झोळीत घालतात, नोटांच्या घड्या करून आणतात. आरती झाली. आम्ही खाली उतरलो. बस स्टॉपवर घाम पुसायला मी पिशवीत हात घातला, तर रुमाल तळाशी गेलेला. हाताला सगळ्या नोटाच.

मी पिशवी मंगलपुढं धरली. ती बघतच राहिली. कावेरीनं वाकून बघितलं आणि पोरगी हसायला लागली, किती दिवसांनी. "आजी, न मागता आलं. नको म्हणायचं नाही. तुझाच नियम!" मंगल म्हणाली, "आई, चला वर." ती आमच्या घरातली सगळ्यात सरळ बाई आहे. मी म्हणलं, चला.

वर माणसं अजून चपला शोधत होती. मी सगळ्यांसमोर पिशवी काकांपुढं ठेवली आणि झालं ते सांगितलं. झोळी दुसऱ्या खुंटीला निघाली, कुलकर्ण्यांच्या छत्रीखाली, रिकामी. सगळे एकदम बोलायला लागले. सुमनताई म्हणाल्या, "पण वहिनी, तुम्ही पिशवी लावली कुठं?"

इथंच माझं डोकं थांबतं. मी पिशवी रोजच्या खुंटीला लावली असं मला वाटतं. पण हात लावताना मी बघितलं का? निघताना कुठल्या खुंटीवरनं काढली ते पण आठवत नाही. डोळ्यापुढं अंधारी होती, मनात सोमवार होता. माझ्याच हातानं ती झोळीच्या जागी गेली असेल, आणि झोळी मी बाजूला केली असेल, आणि मला कळलं नसेल, असं होईल का? हाताला डोक्याआधी कळतं म्हणतात. काकांनी विचारलं, "वहिनी, तुम्ही मागितलंत का?" मी म्हणलं, "तोंडानं नाही." "मनानं?" मी म्हणलं, "काका, माझ्या मनात काय चाललंय ते मला कळत असतं तर मी वर आले नसते."

काका म्हणाले, झोळी मी स्वतः तिच्या खुंटीला लावली होती. मग म्हणाले, लावली होती बहुतेक. त्यांना पण आठवेना.

कुणीतरी म्हणालं, महाराजांना कौल लावा. काका म्हणाले, "कौल लावणं म्हणजे विचारणं, आणि विचारून उत्तराची वाट बघायची म्हणजे मागणंच." कुलकर्णी म्हणाले, "मग आता काय रात्रभर इथंच बसायचं का अयाचित?" लोक हसले. काका हसले नाहीत. त्यांची पंचाईत मला दिसत होती. न मागता आलेलं परत करता येत नाही, हा नेम. आणि देणाऱ्यानं दिलं ते अन्नदानाला, हे पण खरं. शेवटी ते म्हणाले, "मला हे सोडवता येत नाही. झोळी तिच्या जागी लावतो, पिशवी शेजारी. ज्याला आपलं परत घ्यायचंय त्यानं घ्यावं आणि झोळीत घालावं. डोळे उघडे ठेवून."

कुलकर्णी पहिले उठले. पिशवीतनं आपली घडी काढली, झोळीत घातली आणि माझ्यासमोर येऊन म्हणाले, "वहिनी, माझं उपाशी माणसाच्या पोटासाठी होतं. राग मानू नका." मी म्हणलं, बरोबर केलंत. मनापासून म्हणलं. नंतर आणखी काहींनी घेतलं. सुमनताई उठल्या तेव्हा मला वाटलं आता ह्या ओरडणार. त्या चपला घालत म्हणाल्या, "मी दिलेलं परत घेत नाही बाई. दिलं म्हणजे सुटलं. कुठं गेलं ते महाराज बघतील." आणि त्यांच्यामागनं बरेच जण पिशवीला नुसता नमस्कार करून उतरले. मी भिंतीला टेकून बघत होते. मला रडू पण आलं नाही. काय चाललंय तेच उमजत नव्हतं.

सोमवारी पिशवीत राहिलेल्या पैशातनं पहिला हप्ता भरला. पावती कावेरीनं महाराजांच्या तसबिरीपुढं नेऊन ठेवली, मी न सांगता. त्या वर्षी उत्सवाचा शिरा जरा पातळ झाला, ते सगळ्यांना माहीत आहे.

पण एका हप्त्यानं कॉलेज होत नाही. पुढची फी डोंगराएवढी. कावेरी म्हणाली, "आजी, मी नेम घेतलेला नाही. कर्ज मी मागते, मला लाज नाही. पण अप्पांची सही लागते." दिलीप, म्हणजे तिचे अप्पा, परत माझ्याकडं बघायला लागला. मला त्या डब्याची आठवण झाली, उंबऱ्यावरच्या. तो डबा न मागता आला, पण कुणीतरी कुणाला तरी सांगितलंच असणार ना, की त्या घरात चूल नाही म्हणून? कुणीतरी कुठंतरी तोंड उघडलंच असणार. मी मागितलं नाही, कारण माझ्या वाटचं दुसरं कुणीतरी मागत होतं. हे खरं की खोटं, मला ठाऊक नाही. मी दिलीपला म्हणलं, "सही कर."

पुढच्या गुरुवारी मी आत गेले नाही. दाराबाहेर चपलांजवळ बसले. काका आतनं म्हणाले, "वहिनी, तुम्हाला कुणी सांगितलं नाही बाहेर बसायला. आत या." मी म्हणलं, इथं बरं वाटतंय. खरंच वाटतं. आरती तिथनं पण ऐकू येते, आणि जिन्यातनं सेल्वीच्या मोगऱ्याचा वास येतो. आता तिनं एन्नाच्चु विचारलं की मी सगळं सांगते, आणि ती मला तिच्या सुनेचं सांगते. मी तिला एकदा विचारलं, त्या दिवशी तू वर आली होतीस का गं, फुलं द्यायला? ती म्हणाली, मी रोजच येते. आणि मोगऱ्यावर पाणी शिंपडायला लागली.

घोटाळा परत होऊ नये म्हणून काकांनी झोळीला लाल दोरा बांधला होता. मी जिथं बसते तिथनं दोन्ही खुंट्या दिसतात. थोड्या दिवसांनी बघितलं तर दोरा नव्हता. तुटका तुकडा पण राहिला नव्हता, म्हणजे कुणीतरी गाठ सोडूनच काढलेला होता. आता झोळी आणि माझी पिशवी परत सारख्याच दिसतात. काकांना विचारलं तर म्हणाले, "असेल, पडला असेल," आणि समई पुसायला लागले.

कावेरी आता कॉलेजात जाते. कर्ज ती फेडेल. माझा नेम राहिला की मोडला, ते मी महाराजांवर सोडलंय. आधी मी नेम धरून ठेवला होता. आता त्यांनी मला कसं धरलंय ते त्यांचं त्यांना माहीत. रोज हात जोडते आणि म्हणते, जे केलंत ते माझ्या डोक्यात मावलं नाही, पण पोचलं.

वाचणाऱ्याला एकच सांगणं आहे. तुमच्या मंडळात, तुमच्या शेजारी कुणी गप्प बसलेलं असेल तर त्यानं मागायची वाट बघू नका. काय झालं म्हणून विचारा. काही नाही म्हणालं तरी परत एकदा विचारा.