सिगारला दाखवलेलं ऊन

मुलीच्या पेन्सिलला टोक करताना तो लाकडाचा वास आला की मी अजून दचकते. २००५च्या उन्हाळ्यात नेदरलँड्समध्ये, ब्रेडाला, आमच्या खालीच राहणाऱ्या डच घरमालकांनी रंगकाम काढलं होतं. रंगाचा वास लागू नये म्हणून बायकोनं दिलेली क्यूबन सिगारची, पेन्सिलीसारखाच वास येणारी लाकडी पेटी त्यांनी आमच्याकडे ठेवली. "जितके मुरतील तितका कडूपणा जातो, मधाची चव येते," म्हणाले होते. मी ऑफिसमधून आले तर सासूबाईंनी सगळे सिगार बाल्कनीत पेपरवर सांडग्यांसारखे मांडलेले. "पांढरी बुरशी धरली होती गं, म्हटलं ऊन दाखवावं." वरची पानं तडकली होती. आता हे घर जाणार, या भीतीनं मी सिगार गोळा करायला वाकले, आणि तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. मालकांनी बाल्कनीत येऊन एक सिगार उचलला, दाबला, तो कुरकुरला. त्यांनी तो पेटवला, जोरात ठसका लागला, तशी सासूबाईंनी त्यांच्या पाठीवर थोपटलं. "मध उडाला," ते म्हणाले, आणि मग हळूच, "बायको गेल्यापासून पेटी उघडायची भीतीच वाटायची." त्या बाल्कनीत न घाबरलेल्या फक्त सासूबाईच होत्या, हे मला आत्ता कळतंय.