आईंचं माहेर, पाणी उतरल्यावर

गाडी शिकले तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. तळेगावातल्या आमच्या सोसायटीत खाली एक सेकंडहँड गाडी धूळ खात उभी असायची. नवऱ्याने हौसेने घेतलेली, पण कारखान्यातल्या पाळ्या सांभाळताना त्याला ती बाहेर काढायला सवड मिळेना. मग मीच क्लास लावला. लायसन हातात आलं, तरी शेजारी बसायला कुणी तयार होईना. नवरा म्हणाला, "आधी महिनाभर सोसायटीतच फिरव." मैत्रिणी म्हणाल्या, "बघू गं पुढच्या रविवारी."

सासूबाई मात्र नऊवारीचा पदर खोचत उठल्या. "चल, मी येते. मला कुटं पोचायची घाई हाय?"

आम्ही अकरा वर्षं एका स्वयंपाकघरात वावरत होतो. भांडण कधी झालं नाही, आणि बोलणंही फारसं नाही. दूध आलं का, भाजी कुठली करू, एवढंच. मी पुण्यात फ्लॅटमध्ये वाढलेली, शाळेत भूगोल शिकवणारी. त्या मावळातल्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. मी त्यांना आई म्हणायचे, त्या मला 'अगं' म्हणायच्या.

मी म्हटलं, "आई, सोमाटणे फाट्यापर्यंत जाऊन येऊ."

"तितं काय ठेवलंय? पवनानगरला चल."

कामशेतच्या चौकात गाडी दोनदा बंद पडली. मागे ट्रकची रांग लागली, हॉर्नवर हॉर्न. मला घाम फुटला. आईंनी काच खाली केली, हात बाहेर काढला आणि मागच्या ट्रकवाल्याला ओरडल्या, "थांब की रं जरा! शिकतीय ती!" तो थांबला. मग मला म्हणाल्या, "हं. आता सावकाश."

खिंड ओलांडली आणि खाली पवना धरणाचं पाणी दिसलं. भाद्रपद होता. दोन्ही बाजूंनी डोंगरउतार सोनकीच्या फुलांनी पिवळेजर्द झाले होते, बांधांवर गुलाबी तेरडा, खाचरात भात पोटरीला आलेला. मी गाडी कडेला घेतली. आईंनी पाण्याच्या मध्यावर बोट दाखवलं.

"तितं आमचं घर."

त्यांचं गाव धरणात गेलं हे मला माहीत होतं, म्हणजे लग्नाच्या वेळी कुणीतरी सांगितलं होतं. मी दर वर्षी धरणांचा धडा शिकवायचे. सिंचन, वीज, पिण्याचं पाणी, हे सगळे मुद्दे फळ्यावर लिहायचे. शेवटच्या मुद्द्यात विस्थापन. तो मुद्दा आमच्या घरात रोज सकाळी चहा गाळत होता, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

त्या दिवसापासून आम्हाला नादच लागला. भाद्रपदात सोनकीसाठी एक फेरी. दिवाळीनंतर भातकापणी चालू असताना एक. तेव्हा सगळ्या रस्त्याला पेंढ्याचा वास असायचा. पौषात पहाटे निघून धुकं बघायला. धुक्यात तलाव दिसायचाच नाही, नुसते तिकोना आणि तुंग किल्ल्यांचे डोंगर वर तरंगत असायचे. वैशाखात करवंदं. पावसाळ्यात लोणावळ्याकडे मात्र त्या फिरकू द्यायच्या नाहीत. "लोकं धबधब्याखाली नाचत्यात आन् रस्त्यावर आपली गाडी अडकती," म्हणायच्या. कधी औंढ्यावरून, दुधिवरे खिंडीतून उतरायचो, कधी तिकोना पेठेत थांबून एखाद्या ओसरीवर ताक प्यायचो. पुढच्या सीटवर त्या मांडी घालून बसायच्या. त्यावर मी बोलणं सोडून दिलं होतं, सीटबेल्टवर मात्र सोडलं नव्हतं.

घरात न बोलणाऱ्या आई गाडीत बोलत सुटायच्या. पाण्याखालच्या खाचरांची नावं सांगायच्या. चिंचेचं खाचर, देवाचं खाचर, आणि एक 'रुसलेलं', त्यात भात कधी नीट यायचंच नाही म्हणून. एकदा तिकोन्याकडे बघून म्हणाल्या, "ह्यो तवा लय उंच व्हता."

"डोंगर कसा कमी होईल, आई?"

"आमी खालनं बघायचो त्याला. आता त्याचं पाय पाण्यात गेलं. निम्मा उरलाय."

मी इतकी वर्षं समोच्च रेषा शिकवल्या होत्या. हे मला सुचलं नव्हतं.

काठाकाठाने बंगले उठत होते, तंबू लागत होते. रस्त्यावरच्या पाट्या त्या मला वाचायला लावायच्या.

"लेक व्ह्यू म्हंजी काय गं?"

"तिथून तळं दिसतं."

"तळं!" त्या हसल्या. "लोकास्नी वाटतं, हितं पयल्यापास्नं तळंच व्हतं."

हळूहळू मला कळलं की त्यांना हवं होतं ते वेगळंच. पाणी आलं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. भाऊ पांगले. एकाने डोंगराच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्या उभ्या केल्या, तेच त्यांचं माहेर झालं. लग्नानंतर सणावाराला तिथे जायच्या. "पन तितं माजं काय व्हतं?" एकदा म्हणाल्या. "वैनीचं घर व्हतं ते. मला खुंटी बी ठावी नव्हती कुटली कशाला." ज्या वर्षी पाणी फार उतरतं त्या वर्षी वैशाखात गावाची जोती उघडी पडतात, असं त्यांनी ऐकलं होतं. बघायला मात्र कधी गेल्या नव्हत्या. आधी भाऊ नको म्हणायचे, मग संसार.

"एकदा उंबऱ्यात बसायचंय," त्या म्हणाल्या. "बास."

पहिल्या वैशाखात पाणी उतरलं नाही. दुसऱ्याही नाही. तिसऱ्या वर्षी उतरलं, पण त्याआधीच्या हिवाळ्यात आई मोरीत घसरून पडल्या होत्या. गुडघ्यात रॉड बसला होता, वॉकर घेऊन कशाबशा हॉलपर्यंत यायच्या. नवरा म्हणाला, "या वर्षी राहू दे." पण सकाळी सहाला उठून बघते तर त्या दारात वॉकरला धरून उभ्या, इरकल नेसून, डोक्यात अबोली माळून.

काठावर पोचलो तर उतरायच्या वाटेवर फाटक. आत बंगला, हिरवळ, कडेने फुलझाडं. मागच्या वर्षापर्यंत तिथे मोकळं रान होतं. पन्नाशीचे एक राखणदार पुढे आले.

"बुकिंग हाय का मॅडम?"

"नाही हो. आम्हाला फक्त खाली पाण्याकडे जायचंय."

"न्हाई सोडता येत. मालकांचा कायदा हाय."

आईंनी काच खाली केली. "तू कुणाचा रं?"

त्यांनी वाकून आत बघितलं. मग आपल्या घराण्याचं नाव सांगितलं, आजोबा खालच्या आळीला होते म्हणाले.

"म्हंजी ज्यांच्या दारात रामफळ व्हतं?"

ते थबकले. "रामफळाचं आमी आज्याकडनं ऐकलंय फकस्त, मावशी. तुमी बघितलंय?"

"बघितलंय कशाला? चोरून खाल्ल्यात मी."

फाटक उघडलं. मालक शनिवारशिवाय यायचे नव्हते. राखणदारांनी हिरवळीच्या कडेला, छत्रीच्या सावलीत एक खुर्ची ठेवली आणि आईंना हळूच बसवलं. खाली सगळं उघडं पडलं होतं. भेगाळलेला राखाडी गाळ, दगडांच्या ओळी, झाडांचे काळे बुंधे, आणि खूप दूर उरलेलं पाणी. उतार मात्र असा होता की धडधाकट माणसानेही जपून पाय टाकावा.

"मी पाठीवर घेऊन जातो तुमास्नी," राखणदार म्हणाले.

"नगं. जित्ती हाय तवर मला कुनी उचलायचं न्हाई." आई खाली बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तू जा."

"मी?"

"फोन लाव. मी सांगते कसं जायचं."

मी चपला काढून हातात घेतल्या, आईंच्या मोबाइलवर फोन लावून कानाला धरला आणि उतरले. वरून आईंचा आवाज कानात येत होता.

"देवळाचा चौथरा घावला का?"

"हो, दिसतोय."

"त्याच्याकडं पाठ कर. तिकोन्याकडं तोंड. आता चाल."

"किती चालू?"

त्या घोटाळल्या. "आमी पळतच जायचो गं. दम लागायच्या आत घर यायचं."

"आई, मला तर आत्ताच दम लागलाय."

फोनवर त्यांचं हसू ऐकू आलं, मागे राखणदारांचंही. मी चालत राहिले. पायाखाली खापऱ्या, शिंपले, एक गंजलेली कडी. ओळीने जोती लागली. पाच-सहा असतील. सगळी सारखीच, गुडघाभर उंचीची, मधे गाळ.

"आमच्या घरात उखळ हाय, जमिनीत बसवलेलं. ते बघ."

तिसऱ्या जोत्यात मला उखळ दिसलं. गाळाने काठोकाठ भरलेलं. "आहे!" मी ओरडलेच.

त्या म्हणाल्या, "माती काढ त्यातली."

मी काटकीने उकरलं, मग नखांनी. हात जवळजवळ कोपरापर्यंत आत गेला.

"एका अंगाला चीर असंल बघ. माज्या आईच्या हातनं मुसळ निसटलं व्हतं. लय मार खाल्ला तिनं आजीचा."

मी बोट फिरवलं. दगड खडबडीत होता. चीर लागली नाही. पुन्हा फिरवलं. वर बघितलं तर हिरवळीच्या कडेला छत्रीखाली आई एका छोट्या ठिपक्याएवढ्या दिसत होत्या, पुढे झुकलेल्या.

"आहे," मी म्हणाले.

"हाय?"

"हो. आहे."

"बस मग तितं. उंबऱ्यात बस जरा."

उंबरा नव्हता, एक लांबट काळा दगड होता. त्यावर मी बसले. वैशाखाचं ऊन गाळावरून डोळ्यांत येत होतं. फोन चालूच होता. किती वेळ गेला सांगता येणार नाही, पण फोन कानाशी तापला होता एवढं आठवतं. शेवटी मी विचारलं, "आई, थोडी माती आणू का?"

"माती कशाला? ती धरनाचा गाळ हाय. आमची माती तिच्या खाली ऱ्हायली. ये वर. ऊन लागंल तुला."

परतताना कामशेत येईपर्यंत मी आतून खात होते स्वतःला. सिग्नलला थांबले तेव्हा आई समोर बघतच म्हणाल्या, "चीर न्हवती ना?"

मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"तुज्या आवाजावरनं कळलं मला," त्या म्हणाल्या. "आसू दे. शेजारच्या काकूचं असंल ते उखळ. आमचं फुटलं तवापास्नं आई तितंच कांडायला जायची. मी बी जायचे तिच्या मागं." मग माझ्या गाळाने भरलेल्या नखांकडे बघून म्हणाल्या, "बसलीस तितं, लय झालं. पोरी, गाडी सोड, हिरवा झाला."

अकरा आणि वर तीन वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा पोरी म्हटलं होतं.

पुढच्या वैशाखात पाणी उतरलं नाही. त्यानंतरच्या श्रावणात आई गेल्या. झोपेत, सकाळी, कुणाला त्रास न देता. लोक म्हणाले, चांगलं मरण आलं. मी वर्षभर त्या रस्त्याला गेले नाही. भाद्रपद आला, सोनकी फुलली असणार. मी खिडकी बंद करून उत्तरपत्रिका तपासत बसले. पौषात धुकं पडलं तेव्हाही. कारखान्याच्या बसने धुक्यातून घरी आलेला नवरा म्हणाला, "समोरचं काही दिसत नाही आज," आणि मला तिकोन्याचं टोक डोळ्यांसमोर दिसलं, अधांतरी. आपल्याला आपल्याच माणसाची आठवण येते हे ठीक, पण मला त्यांच्याबरोबर त्यांच्या गावाचीही आठवण यायची, जिथे मी सगळा मिळून एक तास होते. रुसलेलं खाचर. चोरून खाल्लेली रामफळं. हे माझं नव्हतं, तरी ओढ माझ्याच पोटात होती. वर्गात धरणांचा धडा आला तेव्हा मी शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात केली आणि दोन तास तिथेच राहिले.

या भाद्रपदात नवऱ्याला सुट्टी होती. चहा पिताना तो म्हणाला, "आईला कुठं कुठं न्यायचीस तू? मला घेऊन चल ना."

गाडी मीच चालवली. तो पुढे बसला, पाय लांब करून. खिंड ओलांडली, पिवळे उतार दिसले. तलाव काठोकाठ भरला होता. काठावर मोकळी जागा बघून मी थांबले आणि त्याला हाताने दाखवत गेले. तो चौथरा, त्याच्या अलीकडे आळी, तिथे रामफळ, ते तिसरं जोतं. पाण्यावर नुसता वारा होता. तो प्रत्येक बोटामागे नजर नेत होता.

"मी तिच्या पोटचा," तो म्हणाला, "आणि मला ह्यातलं काहीच माहीत नाही."

"तुला वेळ कुठे होता," मी म्हटलं. टोमणा नव्हता तो. त्यालाही ते कळलं.

मग त्याने सगळं विचारायला सुरुवात केली. घराला किती खण होते, विहीर कुठे होती, आईच्या मैत्रिणी कोण होत्या. काहींची उत्तरं मला ठाऊक होती. पुष्कळांची नव्हती, ती मीही विचारायची राहून गेली होती. तो पँट दुमडून पाण्यात शिरला, घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत, आणि तसाच उभा राहिला. तुंगच्या बाजूने पावसाची सर येताना दिसत होती. मी दोनदा हाक मारली. त्याने वळून बघितलं नाही. मग मी गाडीतून छत्री काढली आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.